मुंबईचा समुद्रकाठ, आधुनिक वास्तू आणि कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांद्र्यापासून नरिमन पॉइंटपर्यंतचा पश्चिम किनारा आणि पूर्वेला शिवडी, एवढ्याच पट्ट्याबद्दल हे लिहिलंय. कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न मुद्दाम वगळलाय. त्याची उत्तरं दुकानदार भरपूर देतात.

‘आधुनिक’ यात काय काय धरायचं? मरीन ड्राइव्ह तर आजोबांच्या काळातलं.

असू दे, तरी धरायचं. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको (गोलसर कोपरे आणि आडव्या रेषांची त्या काळातली शैली) इमारती बहुतेक १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या. समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, आरसीसीत बांधलेल्या, एकसारख्या उंचीच्या आणि वाड्या-चाळींपेक्षा अगदी वेगळ्या फ्लॅटच्या राहणीसाठी आखलेल्या. मुंबईचा समुद्रकाठ ‘मॉडर्न’ झाला तो इथून. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हा पट्टाही आहे.

त्यानंतरचा टप्पा नरिमन पॉइंटचा. एअर इंडियाची इमारत १९७४ ची, अमेरिकेतल्या जॉन्सन-बर्गी या फर्मने आखलेली. एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८० चं, फिलिप जॉन्सन यांचं. मग पूल आणि रस्ते: वांद्रे-वरळी सी लिंक (२००९), अटल सेतू (२०२४), कोस्टल रोड (पहिला टप्पा मार्च २०२४). पुलाला वास्तू म्हणायचं का, यावर वाद घालणारे भेटतात. सी लिंकच्या खांबाखालून गेलेल्या होडीतल्या माणसाला विचारा, तो वाद घालणार नाही.

फोटोला जायची योग्य वेळ कोणती? सगळे ‘गोल्डन अवर’ म्हणतात, म्हणजे सूर्य खाली असतानाचा सोनेरी उजेड.

ते अर्धंच उत्तर झालं. समुद्रकाठी दोन गोष्टी हलतात: ऊन आणि पाणी. उन्हाची वेळ सगळे मोबाइलवर पाहून येतात. पाण्याची कोणी पाहत नाही. मग माहीमच्या बाजूला ऐन संध्याकाळी पोचतात आणि समोर पाणी नसतंच. काळा चिखल, प्लॅस्टिक आणि वास. पूल तिथेच असतो, पण त्याचं प्रतिबिंब पडायला काही उरलेलं नसतं.

मुंबईला दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब इथे कॅमेऱ्यासाठी फार कामाला येतो: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पाच-पंधरा मिनिटांचा, कधी पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक पाहा. पण पुढच्या महिन्यातली कोणती संध्याकाळ मोकळी ठेवायची, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दोन मिनिटांत ठरतं.

आता यातली गंमत बघा. मुंबईत उधाणाची भरती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी हमखास उतरलेलं. सूर्यास्ताला काठोकाठ पाणी हवं असेल तर अष्टमीच्या आगेमागेच जायला हवं. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी उधाणाइतकं चढत नाही, पण चिखल झाकण्यापुरतं पुरतं. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा सप्तमी-अष्टमी धरा. मे ते जुलै सूर्यास्त सव्वासात-वीसपर्यंत लांबतो, तेव्हा नवमी-दशमी.

ओहोटीही वाया घालवायची नाही. गिरगाव चौपाटीवर पाणी मागे गेलं की ओल्या वाळूचा पातळ थर उरतो आणि त्यात मरीन ड्राइव्हचे दिवे उतरतात. त्यासाठी पौर्णिमेची संध्याकाळ उत्तम. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणा. थर इतका पातळ असतो की उभ्याने पाहिलं तर दिसतसुद्धा नाही.

सी लिंकचा फोटो कुठून काढावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याला एक उत्तर नाही, कारण सूर्य वर्षभर एका जागी मावळत नाही. मुंबईत डिसेंबरात तो पश्चिमेच्या बराच डावीकडे, नैर्ऋत्येच्या बाजूला मावळतो. जूनमध्ये उजवीकडे, वायव्येच्या बाजूला. या दोन टोकांत जवळजवळ ५० अंशांचा फरक आहे. त्यामुळे मित्राने मे महिन्यात काढलेला फोटो पाहून तुम्ही जानेवारीत त्याच दगडावर उभे राहिलात, तर तो फोटो मिळणार नाही.

वांद्रे रेक्लमेशनचा किनारा हिवाळ्याचा. इथून मुख्य खांब नैर्ऋत्येकडे दिसतो आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्य केबल्सच्या मागे उतरतो. काळी आकृती हवी असेल तर हीच जागा.

उन्हाळ्यात पूर्वेला सरका. माहीम किंवा दादरला चैत्यभूमीजवळचा समुद्रावरचा सज्जा. इथून पूल आडवा पसरलेला दिसतो आणि मे-जूनमध्ये, ढग आडवे आले नाहीत तर, सूर्य त्याच्यामागे जातो. मधे माहीमचा उपसागर असल्याने ७० ते २०० मिमीची लेन्स लागते. वाइड लेन्स लावली तर पूल दोऱ्याएवढा येतो.

वांद्र्याचा किल्ला जवळचा आणि गर्दीचा. पूल समोरच असतो, संध्याकाळचं ऊन उजवीकडून तिरकं येतं, आणि काँक्रीटचा खांब कसा दोन पायांवर उभा राहून वर जुळत गेलाय ते इथून नीट कळतं. मुख्य खांब १२८ मीटर उंच, दोन्ही बाजूंना अडीचशे-अडीचशे मीटरचे गाळे (दोन आधारांमधली अंतरं), आणि खांबापासून पंख्यासारख्या सुटलेल्या केबल्स. सूर्यास्ताच्या आधी वीस मिनिटं या केबल्सवर एका बाजूने उजेड पडतो आणि दुसरी बाजू काळी राहते. तेवढ्या वेळापुरत्या त्या रेषा न राहता गोल दोऱ्या वाटतात. पूर्ण पूल फ्रेममध्ये बसवायच्या नादात लोक हे सोडून देतात. लांब लेन्स लावून फक्त खांबाचा माथा आणि केबल्सचा उगम घ्या. माझ्या मते या पुलाचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

वरळीचा किल्ला सकाळी. वाट कोळीवाड्यातून जाते, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

सी लिंकवर गाडी थांबवून दोन मिनिटांत फोटो काढला तर?

नाही. गाडी थांबवायला मनाई आहे, पायी आणि दुचाकीवर जायलाही. चालत्या गाडीत मागे बसून काढा. पुढची काच आधी पुसा.

मरीन ड्राइव्हच्या इमारती सकाळी काढू की संध्याकाळी?

इमारतींची तोंडं पश्चिमेला. सकाळी ऊन त्यांच्या पाठीमागून येतं, दर्शनी भाग सावलीत आणि वरचं आकाश पांढरंफटक. म्हणजे थेट ऊन हवं असेल तर दुपारी चारनंतर. तरी मी नवीन माणसाला आधी रविवारी सकाळीच जायला सांगतो. रस्त्यावर गाड्या कमी असतात, समोरच्या कट्ट्यावरून इमारत पायथ्यापासून दिसते, आणि सावलीतल्या मऊ उजेडात फिकट पिवळा, गुलाबी, पिस्ता असे रंग खरे उतरतात. आकाश फ्रेममधून कमी करा, झालं.

चारच्या उन्हात मात्र वेगळा खेळ. डेको इमारतींना खिडक्यांवर पातळ, भुवईसारखी छज्जी असतात, कोपऱ्यावर वळलेली. उन्हाळ्यातलं चारचं ऊन उंचावरून उतरतं, त्यामुळे प्रत्येक छज्जीची सावली खाली ओघळते आणि भिंतीवर आडव्या पट्ट्या उमटतात. साडेपाचपर्यंत त्या आखूड होत होत छज्जीलाच चिकटतात आणि भिंत सपाट दिसायला लागते. म्हणून सगळे ज्या सोनेरी उजेडाची वाट पाहत थांबतात, त्याच्या तास-दीड तास आधीच या इमारतींचा खरा फोटो होऊन गेलेला असतो.

जवळून पाहायच्या गोष्टी: बाल्कनीचे जहाजाच्या डेकसारखे आडवे कठडे, जहाजाच्या खिडकीसारखे गोल झरोके, जिन्याच्या उभ्या काचपट्ट्या, लाटांची आणि कारंज्यांची प्लॅस्टरमधली नक्षी, आणि दारावर इमारतीचं नाव कोरलेली ती खास अक्षरं. समुद्रासमोर बांधताना वास्तुकारांनी बोटींचीच भाषा उचलली. मधे खिडकीतले एसी, नंतर लावलेल्या ग्रिल, पावसाळ्यासाठी ठोकलेले पत्रे येतात. काही जण ते संगणकावर पुसतात. मी पुसत नाही. खाऱ्या वाऱ्यासमोर ऐंशी-नव्वद वर्षं लोक राहतायत, त्याची ती खूण आहे.

‘राणीचा हार’ कुठून दिसतो?

‘राणीचा हार’ म्हणजे रात्री मरीन ड्राइव्हच्या वळणावर दिसणारी दिव्यांची माळ. ती दिसते मलबार हिलवरून, कमला नेहरू पार्कच्या बाजूने, झाडं जिथे वाट देतील तिथून. पूर्ण अंधार पडल्यावर फोटोत दिवे नुसते पांढरे ठिपके होतात आणि आकाश काळं होतं. सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांत काढून घ्या. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. युरोपातल्या व्हिडिओंमध्ये तासभर निळं आकाश दाखवतात, त्यावर विसंबू नका.

दुसरी जागा नरिमन पॉइंटचं टोक, एनसीपीएजवळ. इथून वळण डावीकडे मलबार हिलपर्यंत जातं आणि इमारतींची रांग फ्रेममध्ये तिरकी शिरते. मरीन ड्राइव्हच्या मध्यावर उभं राहिलात तर हिवाळ्यात सूर्य समुद्रात बुडतो, उन्हाळ्यात मलबार हिलच्या मागे लपतो.

कोस्टल रोडचं काय? तिथे वास्तू कुठे आहे?

पाठीमागे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रियदर्शनी पार्क ते वरळी असा पादचारी पट्टा खुला झाला आणि पहिल्यांदाच शहराकडे समुद्राच्या बाजूने चालत पाहता येऊ लागलं. तिथे सगळे कठड्याला टेकून सूर्य पाहतात. तुम्ही उलटे फिरा. वरळी आणि हाजी अलीच्या मागचे काचेचे टॉवर पश्चिमेकडे तोंड करून असतात. सूर्य टेकला की त्यांच्या काचा दहा मिनिटं पेटतात. एकेक टॉवर वेगळ्या कोनात असल्याने ते पाळीपाळीने पेटतात आणि विझतात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी. कोस्टल रोड सी लिंकला जिथे मिळतो तिथे दोन मोठ्या पोलादी कमानी आहेत. पहिली १३६ मीटर लांब, वजन दोन हजार टन. एप्रिल २०२४ मध्ये बार्जवरून आणून बसवली. तिथल्याच रस्त्याच्या खांबांमध्ये आधी ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. वरळीच्या कोळ्यांनी आंदोलन केलं: क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या बोटींना एवढ्या फटीतून वाऱ्या-लाटांत जाता येणार नाही. शेवटी ते अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. म्हणून इथे फोटो घेताना पुलाखालून बोट जाईपर्यंत थांबा. बोटीमुळे गाळा रुंद झाला, तर बोटीशिवाय त्याचा फोटो अपुराच.

अटल सेतूचा चांगला फोटो कुठून मिळतो?

शिवडीहून, आणि पहाटे. पूल एकूण साधारण २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावर. त्यामुळे ‘पूर्ण पूल’ हा नाद सोडा. शिवडीच्या बाजूने पूर्वेला पाहिलं की पूल निमुळता होत धुक्यात विरतो, मागून सूर्य येतो. ओहोटीला समोर दलदल उघडी पडते. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात फ्लेमिंगो असतात आणि चिखलावर ते चरत असताना मागे काँक्रीटची रांग, हा फोटो आता बराच प्रसिद्ध झालाय. भरतीला पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, अति उधाणाला उडून जातात. पुन्हा वेळापत्रक आलंच.

पौर्णिमेच्या संध्याकाळचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच पूर्वेला उगवतो. त्या वेळी शिवडीला ओहोटी असते, हे वरच्या हिशेबावरून कळलंच असेल. चिखल, पूल, चंद्र. जमेल त्याने काढा.

पुलावरून जाताना काही भागात कडेला उंच आडोसे दिसतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूचं दिसू नये म्हणून ते लावलेत. आडोशाच्या फटीतून कॅमेरा काढायची हौस नको.

पावसाळ्यात काही अर्थ आहे का?

मला विचाराल तर तोच खरा हंगाम. हिवाळ्यात मुंबईवर धुरकं बसतं. डिसेंबरच्या कितीतरी सकाळी रेक्लमेशनवरून सी लिंकचा खांब असून नसल्यासारखा असतो. पावसाची एक दमदार सर येऊन गेली की हवा धुतली जाते आणि वांद्र्याहून वरळीच्या टॉवरच्या खिडक्या मोजता येतात. काँक्रीट भिजून गडद होतं, रस्ता आरसा होतो. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा तर सोडूच नये.

लाटांसाठी मात्र डोकं ठिकाणावर हवं. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या भरत्या उधाणाच्या, म्हणजे बहुतेक दुपारीच. ढगाळ असल्याने उजेडाची तक्रार नसते. मरीन ड्राइव्हवर कट्ट्यावर नाही, रस्ता ओलांडून इमारतींच्या बाजूला उभे राहा. तिरक्या कोनातून लांब लेन्सने लाट आणि मागची इमारतींची रांग एकत्र येते. पोलिसांनी हटवलं तर हटा. टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चौटोकी ठोकळ्यांवर, कोणत्याही ऋतूत उतरू नका. शेवाळ दिसत नाही, पाय जातो आणि माणूस फटीत अडकतो. फोनसाठी उतरलेल्यांना अग्निशमन दलाने बाहेर काढल्याच्या बातम्या अधूनमधून असतातच.

इमारती मागे कललेल्या दिसतात. काय करू?

कॅमेरा वर उचलू नका. सेन्सर जमिनीला काटकोनात राहिला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग माथा कापला जातो, म्हणून मागे सरा. मुंबईत मागे सरायला जागा नसते ही अडचण खरी, पण समुद्रकाठी ती असते. मरीन ड्राइव्हचा रस्ता आणि कट्टा मिळून पाच-सहा मजल्यांची इमारत आरामात मावते. नरिमन पॉइंटच्या टॉवरला ते जमत नाही. तिथे वाइड लेन्सने फ्रेम मोठी घ्या, खालचा रस्ता कापून टाका, किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करा. सरळ करताना कडा जातात, म्हणून काढतानाच चहूबाजूंनी जागा सोडा. कॅमेरा न कलवता वरचा भाग फ्रेममध्ये आणणारी टिल्ट-शिफ्ट लेन्स असेल तर प्रश्नच नाही. पण ती महाग असते, भाड्याने मिळते का पाहा.

थोड्याशा कललेल्या रेषा चूक वाटतात. खूप कललेल्या मुद्दाम घेतल्यासारख्या वाटतात. मधलं काही नको.

मोबाइल पुरेल का?

दिवसा पुरतो. अल्ट्रावाइड टाळा, तिच्यात कडेचे खांब फुगतात. मुख्य लेन्स किंवा दुप्पट झूम वापरा. रात्री नाइट मोडला फोन स्थिर हवा, आणि मरीन ड्राइव्हचा रुंद कट्टा त्यासाठीच बांधल्यासारखा आहे. एक मात्र दर दहा मिनिटांनी करा: लेन्स पुसा. खाऱ्या हवेचा थर बसतो आणि प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं. लोक त्याला कॅमेऱ्याचा दोष समजतात.

रात्रीसाठी, लाँग एक्स्पोजरसाठी सेटिंग काय ठेवू?

सुरुवातीला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आणि शटर उजेड मागेल तितका वेळ उघडं. निळ्या आकाशाच्या वेळी ते ५ ते ३० सेकंदांत कुठेतरी बसतं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, केबल्ससारख्या बारीक रेषा मऊ पडतात. टायमर २ सेकंदांचा. ट्रायपॉडचा मधला दांडा खालीच ठेवा. समुद्राचा वारा तो डोलवतो.

तीस सेकंद ठेवले की पाणी दुधासारखं होतं. सगळेच ते करतात आणि सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसतात. अर्धा ते दोन सेकंदांत पाण्याची वीण शिल्लक राहते, लाट कुठून आली ते कळतं. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर ८ ते १५ सेकंद.

जाहिरातींचे किंवा रंगीत एलईडी फोटोत पट्ट्यापट्ट्यांनी आले तर शटर १/५० किंवा त्याहून मंद करा. आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कारण पिवळे पथदिवे, पांढरे एलईडी आणि निळं आकाश यांचा मेळ नंतरच घालता येतो. जांभळं आकाश मात्र मुंबईवर फारच क्वचित असतं. स्लायडर जपून.

काचेच्या इमारतींत नुसतं आकाशच दिसतं.

मग आकाश चांगलं असताना जा. पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर फिरवून काचेतली चमक कमी करता येते, पण कित्येकदा ती चमकच इमारतीचा जीव असते. फिल्टर फिरवताना व्ह्यूफाइंडरमध्ये पाहा आणि जिथे बरं वाटेल तिथे थांबा. वाइड लेन्सवर पोलरायझर लावला तर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट येतं.

परवानगी लागते का? सुरक्षारक्षक हटकतात.

सार्वजनिक पदपथावरून स्वतःसाठी हातात कॅमेरा धरून फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड उघडला, मॉडेल आली, लाइट स्टँड लागला की ते ‘शूटिंग’ होतं आणि प्रश्न सुरू होतात. व्यावसायिक शूट असेल तर रीतसर परवानगी घ्या. तोंडी ‘साहेब, पाचच मिनिटं’ यावर काम ठेवू नका. हॉटेलं, ऑफिसं, एनसीपीएसारख्या संस्थांचं आवार खासगी असतं. बाहेरच्या रस्त्यावरून काढणं वेगळं, आत शिरून काढणं वेगळं.

रक्षकाशी हुज्जत घालू नका. काढलेला फोटो त्याला दाखवा. बहुतेक वेळा तो पाहतो, स्वतःच्या इमारतीकडे एकदा बघतो, आणि आणखी चांगली जागा सांगतो.

नौदलाचा परिसर, गोदी, युद्धनौका यांच्याकडे कॅमेरा नको. कुलाब्याच्या बाजूला तर भिंतीवर लिहिलेलंच असतं.

छोटा ड्रोन, २५० ग्रॅमच्या आतला, चालेल ना?

वजन कमी म्हणून परवान्यात सवलत मिळते, आकाश मोकळं मिळत नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग केलेत आणि ते डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर दिसतात. मुंबईत विमानतळ आहे, नौदल आहे आणि पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. सी लिंकवर कोणी ड्रोन उडवून व्हिडिओ टाकलाय म्हणजे त्याला परवानगी होती असं नाही.

वरळी कोळीवाड्यातून जाताना काय पाळायचं?

तो लोकांचा मोहल्ला आहे, पार्श्वभूमी नाही. गल्ल्या अरुंद, दारं उघडी, माणसं कामात. म्हाताऱ्या मावशी मासळी वाळत घालत असतील तर आधी “मावशी, फोटो काढू का?” विचारा, नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. जाळी आणि सुकत घातलेल्या मासळीवर पाय देऊ नका. बंदरात दोरखंडांच्या मधून जाताना बोटवाल्याला सांगून जा. किल्ल्यावरून सकाळी सात-आठच्या उन्हात पूल, खालच्या रंगीत बोटी आणि मागे वांद्रे एका फ्रेममध्ये येतं.

बाकी ठिकाणी फोटोत माणूस असावा का? असावा. नाहीतर १२८ मीटर म्हणजे किती ते कळणार कसं? पण ओळखू येणारा चेहरा, विशेषतः कट्ट्यावर बसलेली जोडपी, टाळा. मुंबईत एकांताची जागा तेवढीच आहे. पाठमोरी घेतली तरी फोटोचं काही बिघडत नाही.

घरी आल्यावर कॅमेऱ्याचं काय करायचं?

आधी ब्लोअर, मग फडकं. उलटं केलंत तर वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो. बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय किंचित ओल्या कापडाने पुसून कोरडे करा. ट्रायपॉडच्या सांध्यात मीठ बसलं की दोन महिन्यांत तो करकरायला लागतो. बॅग लगेच बंद करून कपाटात टाकू नका. मुंबईच्या दमट हवेत बंद बॅगेत लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढं तरी करा.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं चहा प्या.

इमारतीचा फोटो विकता येतो का? वास्तुकाराचा हक्क आड येतो का?

भारतात याबाबत कायदा फोटोग्राफरच्या बाजूने आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये वास्तूचं चित्र किंवा छायाचित्र काढणं आणि प्रसिद्ध करणं हे हक्कभंगात मोडत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. काही देशांत असं नाही, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाने ‘प्रॉपर्टी रिलीज’ (मालकाचं लेखी संमतिपत्र) मागितला तर दचकू नका. तो त्याच्या नियमाने विचारतोय. कंपनीचं बोधचिन्ह ठळक असलेला फोटो जाहिरातीला देताना मात्र ट्रेडमार्कचा वेगळा प्रश्न येतो. तिथे वकिलाला विचारा.

फोटोखाली नाव काय लिहू?

वास्तूचं नाव, जागा, आणि माहीत असेल तर वास्तुकाराचं नाव. ‘मुंबई व्हाइब्स’ लिहून भागवू नका. अटल सेतू लिहिताना शहरही लिहा. पणजीला मांडवीवरच्या केबलच्या पुलालाही अटल सेतूच म्हणतात, तो २०१९ चा. आणि महिना, वेळ, तिथी लिहून ठेवलीत तर पुढच्या वर्षी त्याच जागी उभ्या राहणाऱ्याला पाणी कुठवर असेल ते कळेल.